टिटवीने सांगितलेले ढग

शाळेच्या सुलोचनाबाई तीन दिवस ओट्यावर ठाण मांडून बसल्या, म्हणून ही गोष्ट. नाहीतर चौथीतून काढलेल्या माणसाला कसली गोष्ट नि कसलं काय. पोरांनो, एकदाच सांगतो.

एका डोंगरातल्या रानात टिटवीचं एक जोडपं राहत होतं. नराचा पंख मोडलेला. थंडी पडली तसा तो अस्वलाच्या गुहेच्या तोंडाशी पडून राही, कारण अस्वलाने वणव्यातला निखारा राखून आत शेकोटी पेटवली होती. लाकडं सगळ्यांनी आणायची आणि वर अस्वलाला बोरंही द्यायची. पण झाडं संपत आली, धुराने पिल्लं खोकू लागली. तेव्हा घोरपड म्हणाली, "माझ्या कातळावर चला. दिवसभर ऊन पितो, रात्रभर ऊब देतो. लाकूड नको, धूर नको." खरं-खोटं बघायला जनावरांनी टिटवीला धाडलं. तिथली रीत अशी, की बघायला गेलेल्याने सांगून होईपर्यंत कुणाचं खायचं नाही, कुणाच्या आसऱ्याला बसायचं नाही.

निघताना अस्वलाने अडवलं. "अगं टिटवे, कातळ गारठलेला असतो एवढंच सांग. तुझा नवरा माझ्या दारात आहे, विसरू नकोस." कातळावर घोरपड गोड बोलली. "टिटवीताई, ढगांचं तेवढं काढू नका. तुमच्या धन्याला माझ्या कपारीत जागा देते." टिटवी सात दिवस उघड्यावर उभी राहिली.

आठव्या दिवशी तिने सगळ्यांसमोर सांगितलं, "पाच दिवस कातळ पहाटेपर्यंत उबदार होता. दोन दिवस ढग होते, तेव्हा पाय ठेववत नव्हता. शेकोटीची लाकडं महिनाभरसुद्धा पुरायची नाहीत. कातळावर जा, पण ढगांच्या दिवसांसाठी सुका पाला साठवा." "घोरपडीने फितवली हिला!" अस्वल ओरडलं. "अस्वलाचीच बोरं खाल्लीयत मेलीनं," घोरपड फणफणली. "अपशकुनी!" बाकीचे म्हणाले. अस्वलाने नराला ढकलून बाहेर काढलं, घोरपडीने कपारीत घेतलं नाही. टिटवी त्याच्यावर पंख पसरून माळावर बसली. काही गुहेतच राहिले, काही तसेच कातळावर गेले; एकट्या सशाने कातळाशेजारी बीळ खणून पाला भरला.

महिना भरायच्या आत लाकडं संपली, अन् त्याच आठवड्यात ढग आले. गुहेतले नि कातळावरचे सगळे कुडकुडत सशाच्या दारात उभे राहिले. "तुला कसं कळलं रे?" ससा म्हणाला, "तुमच्यासमोरच सांगितलं होतं तिने. मी दोन्ही बाजू ऐकल्या, एवढंच." त्याने पाला वाटला आणि टिटवीच्या नराला आणायला धावला. नर त्या पहाटेच गार झाला होता. सगळे माना खाली घालून उभे. टिटवी त्याच्याजवळून उठली, पंख झटकले. "ढग कधी सरतायत, बघून येते," म्हणाली, आणि गेली.

तात्पर्य : खरं सांगणाऱ्याला दोन्हीकडचे हाकलतात, त्याला आसरा देणं हे ऐकणाऱ्याचं काम, आणि तेही वेळेवर.

आमच्या पठारावर पवनचक्क्या यायच्या होत्या, तेव्हा वारा कधी असतो नि कधी पडतो, दोन्ही मी चावडीवर सांगितलं. त्यावर जो मला भर चावडीत 'विकला गेलेला' म्हणाला आणि अजून माफी मागायला आला नाही, तो हणमंता चोरगे.