गेणूने सासऱ्याचं शेत मोजलं

एका गावात एक भोळा गडी होता, गेणू. भोळा हा त्याच्या आईचा शब्द. गावाकडे दुसरा शब्द होता, पण तो आईसमोर कोणी काढत नसे.

मोजणीदार कुलथेसाहेबांच्या हाताखाली त्याला काम लागलं. साहेबांकडे लेझरचं यंत्र होतं. बटण दाबलं की किरण खुणेवर आपटून परत येई आणि अंतराचा आकडा दिसे. गेणूची बायको माहेरी होती. सासऱ्याने, भागुजीने, बजावलं होतं, "नोकरी टिकली तरच पोर नांदायला धाडीन." म्हणून गेणू साहेबांचा शब्द खाली पडू देत नसे. तिथेच घात झाला.

पौषातल्या थंडीत एका सकाळी यंत्र सुरूच होईना.

"थंडीनं बॅटरी मान टाकते," साहेब म्हणाले. "ऊब द्यावी लागते."

"देतो की."

दुसऱ्या सकाळी गेणूने यंत्र उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरून आणलं. काच पांढरीफटक झाली होती.

साहेबांनी कपाळावर हात मारला. "वाफ धरली की उघड्या वाऱ्यावर ठेवायचं. आपोआप जाते."

"ठेवतो की."

तिसऱ्या सकाळी साहेब फटफटीवरून कुडकुडत आले. तोंडातून भकाभका वाफ निघत होती. गेणूने त्यांची शाल काढून घेतली, त्यांना चावडीबाहेरच्या कट्ट्यावर बसवलं आणि दार आतून लावलं. वाफ जायची वाट बघत तो आत चहा पीत बसला.

साहेबांना ताप भरला. चौथ्या दिवशी नेमकी भागुजीच्या शेताची मोजणी होती. साहेब रजईतून कण्हत म्हणाले, "धुकं असेल तर किरण धुक्यावरच आपटतो, आकडा चुकतो. हद्दीचा दगड स्वच्छ दिसल्याशिवाय मोजू नकोस. एवढं नीट केलंस तर तुला कायम ठेवतो."

"करतो की."

शेतावर दाट धुकं होतं. भागुजी जावयासाठी शिरा करायला सांगायला घरी गेला होता. दगड काही दिसेना. गेणू पहार घेऊन गेला, दगड उपटला आणि दिसेल एवढा जवळ आणून रोवला. दगड जड होता. शेजारच्या विठोजीने आनंदाने हात लावला, आणि मोजणीच्या कागदावर सहीही आनंदानेच केली.

ऊन वर आलं. भागुजी शिऱ्याची ताटली घेऊन आला आणि बांधावरच थबकला.

"जावईबापू, माझं निम्मं शेत कुठं गेलं?"

गेणूने आकडा वाचला, मग आभाळाकडे पाहिलं. "थंडीनं आखडलं असंल, मामा. उन्हाळ्यात पसरंल की."

भागुजीने ताटली विठोजीच्या कुत्र्यापुढे ठेवली. "मग पोरबी तवाच धाडतो," तो म्हणाला. "शेत पसरलं की."

गेणूला हे पटलं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात तो भर दुपारी त्या दगडापाशी जाऊन बसतो, बायकोसाठी नवं लुगडं मांडीवर घेऊन.