गहाण पडलेलं नाव

ही गोष्ट मी सांगायची नाही, असं आईनं मला बजावलंय. हिच्यात कर्ज आहे, आणि निजताना कर्जाचा विषय काढू नये म्हणे. आजी मात्र सांगायची. म्हणून हळू सांगते. मनू, पाय पांघरुणात घे.

तर एकदा काय झालं, एका नदीच्या काठी एक बाई राहायची. एकटीच. माणसांना या तीरावरून त्या तीरावर न्यायचं, हे तिचं काम. तिच्याजवळ होती एक नाव. नाव म्हणजे होडी, बरं का. एका पावसाळ्यात त्या नावेचा तळ फुटला. नवीन फळ्यांना पैसे कुठून आणणार? मग ती डोहावर गेली. डोहात एक म्हातारी कासवीण राहायची. ती गरजूंना चांदीची नाणी उसनी द्यायची.

कासवीण म्हणाली, ‘गहाण काय ठेवतेस?’

‘मावशी, माझ्याकडे नावच आहे फक्त.’

‘चालेल. दर पुनवेला एक नाणं फेडायचं. आणि वरचं काही मिळालं, बक्षीस म्हण, सापडलेलं म्हण, तर आधी मला सांगायचं. लपवलंस तर गहाण आणखी खोल जाईल.’

बाई ‘बरं’ म्हणाली. फळ्या ठोकून झाल्या. होडी जागेवरच होती. मग गहाण पडलं काय? तर दुसऱ्या दिवशी पैलतीरावरच्या मैत्रिणीनं हाक मारायला तोंड उघडलं, आणि तिला हिचं नावच आठवेना! कासविणीनं होडी घेतलीच नव्हती. बाईचं नाव घेतलं होतं.

तेव्हापासून लोक नुसतं ‘ए होडीऽऽ’ म्हणून ओरडायचे. सणाला कुणी बोलावेना. बोलावणार तरी कसं? मग दिवा मालवला की बाई स्वतःच स्वतःला हाक मारायची. तीन अक्षरी नाव होतं. तिला एकटीलाच ते आठवत होतं.

मग काय झालं, एक वऱ्हाड नदी उतरून गेलं. नवऱ्याच्या बापानं खुशीनं तिच्या हातावर जास्तीची नाणी ठेवली. तिचं लुगडं खांद्यावर फाटलेलं होतं. तिनं नवीन लाल लुगडं घेतलं, नेसली, आणि पाण्यात वाकून बघितलं. छान दिसतंय म्हणायला कुणी नव्हतं. पुनवेला कासविणीनं विचारलं, ‘वरचं काही?’

‘काही नाही गं.’

घरी येऊन तिनं स्वतःला हाक मारली, तर पहिलं अक्षर गेलेलं!

बाई घाबरली. मग एकदा जाळ्यातल्या माशाच्या पोटात सोन्याची अंगठी निघाली. आता सांगावं, तर लुगड्याचंही निघणार. तिनं अंगठी मिठाच्या बरणीत पुरली. मधलं अक्षरही गेलं.

उरलं शेवटचं. ‘की’. अंधारात ती ‘की, की’ करत बसायची, पाखरासारखी. हसू नकोस, ओज्या.

मग एक दिवस राजाची मुलगी होडीतून पाण्यात पडली. बाईनं उडी मारून तिला वर काढलं. राजानं मोहरांची थैली दिली आणि विचारलं, ‘बाई, नाव काय तुझं?’

ती म्हणाली, ‘की.’

राजाला वाटलं, पुढे काही बोलेल. तो थांबला. थोडा वेळ थांबला, आणि मग निघून गेला.

बाईनं थैली होडीत ठेवली आणि दोर सोडला. दूरच्या गावी जायचं, घर घ्यायचं. पण तिथेही कुणीतरी विचारेलच, नाव काय? तिनं होडी वळवली. पुनव नव्हती, तरी डोहावर गेली. मोहरा ओतल्या, अंगठी ठेवली, लाल लुगड्याची घडी ठेवली. आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.

कासवीण लुगड्याकडे बघतच राहिली. ‘अगं वेडे, जुनं फाटलं होतं ना? तेव्हाच बोलली असतीस तर मीच म्हटलं असतं, आधी लुगडं घे, उरेल ते मला दे.’

‘मला वाटलं, तू सगळंच घेशील. आणि मावशी, बोलायची सवयच गेली गं. बोलायला होतं कोण?’

‘मी होते की.’

बाईला रडूच फुटलं.

मग कासविणीनं आपलं होतं तेवढंच घेतलं, बाकीचं परत केलं. ‘लुगडं नेस. नाव सुटलं तुझं. पण ते मी हातात नाही देऊ शकत. कुणीतरी हाक मारली, की येईल.’

बाई लाल लुगडं नेसून काठावर बसली. ऊन उतरलं. कुणी आलं नाही. पाणी काळं झालं, तरी कुणी नाही. मग पैलतीरावर मैत्रीण घागर घेऊन आली. तिला इकडे लाल काहीतरी दिसलं. तिनं घागर खाली ठेवली, हात तोंडाशी धरले, आणि ओरडली, ‘अगं ए...’

‘केतकी! ए केतकी! अजून जागं ठेवलंयस ना त्यांना? भांडी कोण आवरणार?’

आले गं आई!

काय, मनू? हो, शेवटी ‘की’ आहे खरं. बरं, तेच होतं तिचं नाव. मग सगळं छान झालं, ती सुखात राहिली. डोळे मिटा आता. आणि पैलतीरावरून तिला रोज कुणी ना कुणी...

‘केतकी!’