उजवी पाकळी

एका गावात एक गुरव होता, धाकू नावाचा. गावदेवीची पूजा करायची आणि कोणाला अडचण पडली की देवीला कौल लावायचा, हे त्याचं काम. कौल म्हणजे काय, तर फुलाच्या दोन ओल्या पाकळ्या देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तो शब्द सगळा गाव मानायचा. धाकूही मानायचा बरं का, अगदी मनापासून.

एके सकाळी अप्पा खोत देवळात आला. त्याला नव्या घरासाठी देवराईतली झाडं तोडायची होती. राई देवीची, तिला विचारल्याशिवाय तिथली काटकीसुद्धा कोणी उचलत नसे. शिवाय राईतल्या झऱ्यावर सावू नावाच्या विधवेची पोफळीची बाग जगत होती. राई गेली की झरा आटणार. मग बिचारीनं खायचं काय?

खोत हळूच म्हणाला, "धाकू, उजवी पाकळी जरा कमी भिजव, म्हणजे ती आधी सुटून पडेल. पावसात देवीच्या डोक्यावर पाणी गळतं ना? मी देवळाला नवं छप्पर घालतो. तुझ्या पडवीलाही चार वासे देतो. यात पाप कसलं? देवीचंच भलं आहे."

झालं! धाकूचं डोकं गरगरायला लागलं. देवीसाठी देवीलाच फसवायचं? की हे फसवणं नव्हेच? कदाचित देवीनंच खोताला ही बुद्धी दिली असेल. पण तसं असेल, तर पाकळी आपोआप पडेल की! आणि नाही पडली तर? देवी आणखी चार पावसाळे भिजणार! तो देवीपुढे तासभर बसला. शेवटी 'देवीसाठीच करतोय' असं मनाला बजावून तो उठला. पडवीचे वासे मात्र त्याला मध्येच दोनदा आठवले.

गाव जमला. धाकूनं डावी पाकळी चांगली भिजवली, उजवी नुसती ओलसर केली. थोड्या वेळात उजवी पडली.

"होकार!" खोत ओरडला.

सगळ्यांनी सावूकडे पाहिलं. वाटलं, आता ही हंबरडा फोडणार. पण तिनं उंबऱ्यावर डोकं टेकलं. "आई, तुझ्या मनात असंच असेल तर माझी तक्रार नाही. तू मला उपाशी ठेवणार नाहीस." मग तिनं ती पाकळी मागून घेतली आणि डोळ्यांना लावली.

धाकूला ते पाहवेना. तो धावत तिच्यापुढे आला.

"टाक ती पाकळी, सावू! ती आईनं नाही पाडली, मी पाडली. मुद्दाम कमी भिजवली होती."

देवळात एकच गलका झाला. खोतानं काढता पाय घेतला. राई राहिली, झरा राहिला. गावानं धाकूकडची पूजा काढून त्याच्या भावाला दिली. आता धाकू सगळ्यांसारखा बाहेरून हात जोडतो. लोक अजून टोमणे मारतात, त्याचं त्याला वाईटही वाटतं. पण देवीच्या नजरेला नजर देताना तो कचरत नाही.

तात्पर्य: देवाचं नाव पुढे करून केलेली लबाडी ही लबाडीच असते. मन गोंधळलं, तर त्यात आपला स्वार्थ किती आहे ते आधी पाहावं, म्हणजे देवाशी इमान राखता येतं.