अस्वलाचे उष्टे

अरण्यालगतच्या एका गावात एक वृद्ध गायता राहत असे. गायता म्हणजे गावदेवांचा पुजारी. उन्हाळ्यात चारोळीच्या झाडांना फळे धरली की पंडुमचा, म्हणजे नव्या फळाच्या सणाचा, दिवस तोच सांगे. पंडुमला नवे फळ आधी देवाला वाहायचे. त्यापूर्वी कोणी झाडाला हात लावायचा नाही, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज होता. गायत्याच्या मागे हे काम गावातल्याच लालसू या तरुणाकडे यायचे होते, म्हणून तीन वर्षे तो त्याच्यापाशी शिकत होता.

त्या वर्षी एक व्यापारी चारोळीची फळे विकत घ्यायला ट्रक घेऊन आला. "हिरवी असली तरी चालतील," तो म्हणाला, "पण चार दिवसांत द्या. मग मी पुढच्या मुलखात निघून जाणार." शेजारच्या गावाने तर फांद्याच तोडून फळे ओरबाडली. इथे मात्र गायता रोज पहाटे एकटा रानात जाई आणि परतल्यावर एवढेच सांगे, "देव अजून बोलला नाही."

लोक कुरकुरू लागले. लालसूच्या घरची कणगी रिकामी झाली होती आणि त्याच्या बायकोला, जुरीला, सातवा महिना लागला होता. व्यापाऱ्याने त्याला बाजूला घेतले.

"म्हाताऱ्याला ऐकू येत नसेल. उद्याचा पुजारी तूच ना? मग सांगून टाक, देव बोलला म्हणून."

लालसू तिथून निघून आला, पण ते शब्द त्याच्या मनातून जाईनात. देव बोलतो तरी कसा, हे पाहावे म्हणून दुसऱ्या पहाटे तो गुपचूप गुरूच्या मागे गेला. रानात ना पूजा होती, ना मंत्र. म्हातारा अस्वलाच्या विष्ठेपाशी उकिडवा बसून ती काडीने उकरत होता.

लालसूचा संताप अनावर झाला. "बाबा, हाच तुमचा देव? गाव उपाशी बसलंय आणि तुम्ही घाण चिवडताय!"

गायता दचकला नाही. त्याने काडी शिष्याच्या हाती दिली. "बस. यात काय दिसतं?"

"मुंग्या. वाळवीची माती."

"चारोळीचं बी?"

"नाही."

"म्हणजे अस्वलानं अजून फळ खाल्लं नाही. त्याच्या नाकाला जे कळतं, ते तुझ्यामाझ्या डोळ्यांना कळत नाही. फळ पिकलं की ते आधी खातं आणि बिया रानभर टाकत जातं. त्यातूनच नवी झाडं उगवतात. आपण हिरवी ओरबाडली तर आज आत दाणा नाही, आणि उद्या रुजायला बी नाही."

"मग गावाला हे सरळ का सांगत नाही?"

"मी वेगळं काय सांगतो? आधी रानाला, मागाहून माणसाला, हा देवाचाच शब्द. माझ्या गुरूनं असंच रानात बसवून मला तो ऐकवला. भूक मलाही लागते, लालसू. भुकेला माणूस आपल्या पोटाचंच ऐकतो. म्हणून गावातल्या एकानं तरी रोज इथवर येऊन दुसऱ्याच्या पोटाची चौकशी करावी."

लालसू काडी घेऊन पुन्हा उकरू लागला.

संध्याकाळी गाव जमले. गायत्याच्या आधी लालसूच उभा राहिला. "अजून नाही," तो म्हणाला. दोघे-चौघे त्याला नाही नाही ते बोलले. व्यापारी शेजारच्या गावचाच माल घेऊन निघून गेला. जुरीने रानातले कंद चुलीवर उकडत ठेवले आणि त्याच्या वाटचे त्याच्यापुढे सरकवले. त्याने त्यातले अर्धे परत तिच्यापुढे केले.

त्यानंतरच्या नवव्या पहाटे विष्ठेत टणक, अख्ख्या बिया दिसल्या. पंडुम झाला. दाणे भरलेले होते. आठवडी बाजारात त्यांच्या बदल्यात घरोघरी तांदूळ आला.

पावसाळ्यात गायता वारला. पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या गावातल्या तुटक्या फांद्यांवर फळ धरले नाही. तिथले चार जाणते लालसूकडे आले. "तुमचा देव बोलला की आम्हालाही कळव, उरलेल्या झाडांना तेव्हाच हात लावू," ते म्हणाले.

"नुसतं कळवून काय होणार?" लालसू म्हणाला. "पहाटे या. सोबतच जाऊ."

आणि पहाटे ते चौघेही आले.