मुरीचे छप्पर

चैत्र वद्य पंचमी. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, ऊन सकाळपासूनच कडक. फार जुन्या काळी, डोंगरातल्या एका गावात, त्या दिवशी दोन जावा टोपल्या घेऊन नदीत उतरल्या. दोघींच्या चुली वेगळ्या होत्या. दुसऱ्या दिवशी गावची जत्रा होती आणि दोन्ही घरी पाहुणे यायचे होते.

नदी घोट्याएवढी उरली होती. तिच्या तळाशी, दगडांखाली, मुरी नावाचा मासा राहायचा. बोटाएवढा, अंगावर काळे पट्टे, तोंडाशी मिशा. दगड उचलायचा, मुरी ओंजळीत धरायची आणि दगड होता तसा परत ठेवायचा, ही तिथल्या बायकांची रीत. नदीची अलीकडची बाजू थोरलीची, पलीकडची धाकटीची.

थोरली प्रत्येक दगड जागच्या जागी बसवत होती. धाकटी मात्र दगड उलटून तसाच टाकायची आणि पुढे जायची. तिची टोपली लवकर भरली.

"जाऊबाई, दगडांना अंगाई म्हणताय का?" ती हसली. "तुमच्या पाहुण्यांना उद्या नुसता रस्साच मिळणार!"

"मिळू दे. आपण मुरीचं छप्पर काढतो, ते परत घालायला नको?"

"माशाला कसलं आलंय छप्पर!"

जत्रेत धाकटीच्या कालवणाची वाहवा झाली.

वैशाखात तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला, पण दूध पुरेना. बाळ रडून रडून निळे पडे. सुईण म्हणाली, "हिला मुरीचा रस्सा पाज."

धाकटी नदीवर धावली. तिच्या बाजूचे दगड अजून उताणेच होते. उन्हात तापलेल्या त्यांच्या पोटावर बारीक पांढरे ठिपके वाळून चिकटले होते. तिने नखाने खरवडून पाहिले. ती मुरीची अंडी होती. दिवसभर हुडकूनही तिला एकही मुरी सापडली नाही.

ती टोपली घेऊन थोरलीच्या दारात आली. थोरलीने रिकाम्या टोपलीकडे पाहिले.

"चल माझ्या बाजूला."

"कोणत्या तोंडाने येऊ, जाऊबाई? मी तुम्हाला हसले होते."

"हसलीस तर हसलीस. माझाही नातूच आहे ना तो? फक्त दगड नीट ठेव."

धाकटीने मुऱ्या धरल्या आणि प्रत्येक दगड दोन्ही हातांनी हळूच खाली बसवला. त्या संध्याकाळपासून लेक रस्सा पिऊ लागली. थोड्याच दिवसांत बाळ पोटभर पिऊन झोपू लागले.

मग धाकटी आपल्या बाजूला उतरली आणि उताणे दगड एकेक करून सरळ करू लागली.

"अंगाई म्हणतेस का गं दगडांना?" थोरलीने काठावरून विचारले.

"छप्पर घालतेय," धाकटी म्हणाली.

पुढच्या चैत्रात तिच्या दगडांखाली मुऱ्या होत्या. थोरलीच्या बाजूपेक्षा कमी, पण होत्या.

तात्पर्य इतकेच, की ज्याच्या घरातून आपण घेतो, त्याचे घर मोडू नये.