सोबतीची बत्ती

फार फार वर्षांपूर्वी, इतक्या जुन्या काळी की तेव्हाचं सांगणारं आता कुणी उरलं नाही, एका उंच कड्याच्या पायथ्याशी एक गाव होतं. बाळांनो, तुम्ही ऐका, आणि बाळांच्या आजी-आजोबांनो, तुम्हीही कान द्या. कारण ही चूक लहानांची नाही, मोठ्यांची आहे.

त्या गावचे पुरुष कड्यावरून दोर सोडून आग्यामोहोळाचा मध काढायचे. बायका पोळ्यांचं मेण वितळवून मेणबत्त्या करायच्या. घरचा माणूस कड्यावर निघाला की घरात एक बत्ती लावायची आणि तो परत येईपर्यंत ती विझू द्यायची नाही, अशी तिथली रीत होती. बत्ती विझली तर दोर तुटतो, असं सगळे मानायचे. तुटताना कुणी पाहिला होता? कुणीच नाही. पण भीतीला कुठे साक्षीदार लागतो!

याच गावात सारजा नावाची सून नांदत होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिचा नवरा सावळा त्या दिवशी कड्याच्या सगळ्यात अवघड कपारीत उतरणार होता. सारजानं खिडकीत बत्ती लावली, हात जोडले आणि ती तिथेच उभी राहिली.

दुपार कलली तसा वारा सुटला. ज्योत फडफडली. सारजानं बत्ती झटकन उचलून आतल्या कोपऱ्यात नेली आणि धान्याच्या कणगीवर ठेवली. तिथे वारा फारसा लागत नव्हता. वर कपडे वाळत घालायच्या वलणीवरून एका गोधडीचं टोक खाली लोंबत होतं, पण सारजाला ज्योतीशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं.

एवढ्यात बाहेरून शेजारणींनी हाक मारली, "सारजे, चल लवकर! वडाखालून दोर दिसतोय!"

सारजानं पदर सावरला. तिची सासू धुरपदा आतल्या खोलीत अंथरुणावर पडून होती. म्हातारीच्या पायांतलं बळ केव्हाच गेलं होतं, कान मात्र तिखट होते.

"सारजे, निघालीस? मग आधी बत्ती मालव."

"असं अभद्र काय बोलता, आत्याबाई! तुमचाच लेक दोराला लोंबकळतोय ना?"

"म्हणून तर सांगते. एक तर तिच्यापाशी बस, नाहीतर मालवून जा."

"आत्ता येते," म्हणत सारजा उंबऱ्याबाहेर पडलीसुद्धा.

वडाखालून कडा लख्ख दिसत होता. दोराच्या टोकाला मुंगीएवढा सावळा डोलत होता. त्याला पाहून तिचा जीव भांड्यात पडला. घरी बत्ती तेवतेय, आता कसली काळजी, असं तिला वाटलं. मग कड्यावर धूर दिसला. मोहोळाला धूर द्यावाच लागतो, त्याचं कुणाला नवल नव्हतं. पण दुसरा धूर मागून आला, गावाकडून.

"अगं बाई, तुझं घर!" कुणीतरी किंचाळलं.

सारजा धावत सुटली. आढ्याखालून ज्वाळा निघत होत्या. अंगणातल्या रांजणात तिनं घोंगडं बुचकळलं, अंगावर घेतलं आणि ती आत शिरली. म्हातारीला काखेत धरून फरपटत बाहेर काढलं. दोघी वाचल्या. घर वाचलं नाही.

आणि सावळा? उंचावरून त्याला आपलंच छप्पर पेटलेलं दिसलं. आत आई आहे, तिला उठता येत नाही, एवढंच त्याच्या मनात आलं. दोर आवळत सावकाश उतरायचं सोडून तो घसरतच खाली आला. अंगणात पोचला तेव्हा त्याचे दोन्ही तळवे सोलून निघाले होते. पुढे जखमा भरल्या, पण बोटं वाकडी ती वाकडीच राहिली. त्या हातांनी त्यानं पुन्हा कधी दोर धरला नाही.

दोर मात्र शाबूत होता.

सारजा सासूच्या पायांशी बसून ढसाढसा रडली. "आत्याबाई, मी त्यांच्यासाठीच जपली हो ती ज्योत!"

धुरपदानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "पोरी, माझ्या सासूच्या काळी बत्तीपाशी बाई बसून असायची. तिला बाहेर जायचं झालं तर ती बत्ती शांत करून जायची. तेव्हाही दोर तुटत नव्हते. पुढे कामं वाढली, बसायला वेळ कुणाला? तुम्ही बसणं सोडलंत आणि न मालवणं तेवढं धरून ठेवलंत."

वर्षं गेली. सारजाचा लेक म्हादू हाताशी आला आणि एके दिवशी त्याच कड्यावर निघाला. सारजानं बत्ती लावली. जमिनीच्या मधोमध परातीत वाळू भरून, त्यात ती घट्ट रोवली. आसपास कपडा नाही, काडी नाही. मग ती बत्तीजवळ बसली.

थोड्या वेळानं शेजारीण धापा टाकत आली. तिची सून अडली होती. "सारजाबाई, चला हो! बत्ती राहू द्या तशीच. म्हादू वर आहे, आज तरी विझवू नका!"

सारजा उठली. तिनं दारातून एकदा कड्याकडे पाहिलं. आईचं काळीज ते, का नाही पाहणार? तिनं बोटं पाण्यात बुडवली, वात चिमटीत धरली आणि ज्योत शांत केली. मग शेजारणीच्या मागोमाग गेली.

संध्याकाळी बाळाला न्हाऊ घालून ती परतली, तर म्हादू उंबऱ्यावर बसला होता. कोपरापर्यंत मधानं माखलेला, धडधाकट.

"आई, बत्ती विझली वाटतं?"

"विझली नाही रे," सारजा म्हणाली, आणि इतक्या वर्षांचं रडू तिला एकदम आलं. "मी विझवली."

तेव्हापासून त्या गावात बत्ती कधी एकटी जळली नाही. कुणी बसलेलं असेल तर ती तेवायची, आणि बसणारं उठलं की आधी ती मालवली जायची.

तात्पर्य : पेटत्या ज्योतीला एकटं सोडू नये, सोबत करता येत नसेल, तर ती मालवूनच उठावं.