सगुणा कोष्टीण टेकडी चढली

ऐक ग चालजाई, तुझीच गोष्ट तुला सांगते. बायांनो, हातात अक्षता घ्या, लेकरं मांडीवर घ्या, तुम्हीही ऐका.

आटपाट नगराच्या वेशीबाहेर, टेकडीच्या पायथ्याला कोष्ट्यांची आळी होती. तिथं सगुणा म्हणून एक कोष्टीण राहायची. नवरा धोंडोबा मागावर लुगडी विणी, सगुणा रहाटाशी बसून त्याला सूत भरून देई. पदरी दोन लेकरं. थोरली मैना, धाकटा भानू. सकाळी उठावं, चूल पेटवावी, पोरांना न्हाऊ-खाऊ घालावं, मग रहाटाशी बसावं, ते दिवस कलेपर्यंत. मैना म्हणे, "आई, फुगडी घालू." सगुणा म्हणे, "हात गुंतलेत ग." भानू घे घे म्हणून हात वर करी, त्याला बसल्या जागीच ती मांडीवर ओढी. असं करता करता तिची कंबर धरली, गुडघे आखडले. उठताना भिंतीला हात लावायची वेळ आली. वय म्हणाल तर काहीच नव्हतं.

श्रावणमास आला. दारावरून एक म्हातारी जाऊ लागली. केस पांढरे, पाठ ताठ, अंबाड्यात निळं फूल. असलं फूल सगुणेनं कधी पाहिलं नव्हतं. तिनं विचारलं, "आजी, हे फूल कुठलं?"

"टेकडीवरचं. येतेस बघायला?"

"आले असते हो, पण सूत भरायचं राहिलंय."

दुसऱ्या दिवशी सगुणेनं विचारलं, "आजी, वर आणखी काय आहे?"

"डोळ्यांनी बघायचं ते तोंडानं काय सांगू? चल."

"आज नको, भानू निजायचाय."

तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "आजी, तुमचे गुडघे नाही दुखत?"

"दुखतात की. म्हणून तर चालते. चल."

"चुलीवर आमटी आहे हो."

म्हातारी हसली. "बरं तर, बैस," म्हणाली, नि निघून गेली.

सगुणा रहाट फिरवू लागली, पण मन काही रहाटात नव्हतं. लग्न होऊन आली तशी ती त्या टेकडीखाली राहात होती, आणि वर काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं. काय बरं असेल? विचार करता करता आमटी उतू गेली. उठायला जाते तो उठवेना. एकदा जोर केला, दोनदा केला, तिसऱ्यांदा भिंत धरून कशीबशी उभी राहिली. बघते तो भानू पाळण्यात, मैना कुठं दिसेना.

"मैने! ए मैने!"

शेजारीण म्हणाली, "ती त्या फूलवाल्या आजीच्या मागं गेली. मला वाटलं, तुम्हीच धाडलीत."

नवरा बाजाराला गेलेला. आभाळ भरून आलेलं. मग सगुणेनं काय केलं? भानूला कडेवर घेतलं, पदर खोचला, निघाली. वेशीशी आली, गुडघे कुरकुरले. गवळणीला विचारलं, "बाई, माझी मैना पाहिलीस?" "नाचत गेली हो." मग विहिरीशी आली, कंबर ठणकली. पाणी भरणारीला विचारलं, "बाई, माझी मैना पाहिलीस?" "गाणं म्हणत गेली हो." मग चढाला लागली. धाप लागली, भानू जड झाला, त्याला ह्या कडेवरून त्या कडेवर घेतला. धनगरणीला विचारलं, "बाई, माझी मैना पाहिलीस?" "ती काय, वर हसतेय. ऐकू येत नाही?" सगुणेनं कान दिला. लेकीचं हसू ओळखलं. मग पाय कसे पडले ते तिचं तिला कळलं नाही.

वर पोचली. देऊळ नाही, कळस नाही. शेंदूर लावलेला एक धोंडा, भोवती निळ्या फुलांचा ताटवा, आणि वारा. म्हातारी नि मैना फुगडी घालताहेत. सगुणेनं लेकीला पोटाशी धरलं. रागावली, रडली, मग खाली बघितलं. आळी दिसली. आपलं छप्पर खापरीएवढं दिसलं.

"अगबाई, एवढंसं माझं घर? आणि मला वाटायचं, त्याच्यापुढं जगच नाही!" म्हणाली, आणि तिला हसू फुटलं.

वळून बघते तो म्हातारीच्या अंगावर तेज चढलेलं. सगुणेनं ओळखलं, ही म्हातारी नव्हे, टेकडीवरची देवी चालजाई. तिनं पाय धरले. "आई चालजाई, मला तुझा वसा सांग. घेईन तो विसरणार नाही."

"विसरशील ग, लेकुरवाळी आहेस. विसरलीस तर कपाळ बडवू नको. मी रागावणार नाही. आठवेल त्या दिवशी पुन्हा ऊठ. ह्या वशाला दूध नको, तूप नको, नारळ नको. उजाडलं की घराबाहेर पडावं, लेकरं संगती घ्यावी, टेकडीला यावं. सवड नसली तर विहिरीपर्यंत जावं. तीही नसली तर अंगणात फुगडी घालावी. लेकरानं खेळायला बोलावलं, की मीच बोलावलं समजावं."

सगुणेनं वसा घेतला. गुडघे सुटले, कंबर सुटली, अन्न गोड लागू लागलं. मग दसरा आला. राजवाड्यातून लुगड्यांची मागणी आली. आज राहिलं, उद्या राहिलं, परवा राहिलं. पुन्हा कंबर धरली, तोंड कडू झालं, काही कारण नसता मैनेच्या पाठीत धपाटा बसला. मैना म्हणाली, "आई, तू टेकडीवर गेली नाहीस, की अशी होतेस."

सगुणा चपापली. रहाट सोडून उठली.

धोंडोबा म्हणाला, "अग, राजाचं काम!"

"राजाचं काम ह्याच अंगानं करायचंय ना? तुम्हीही चला. बसून बसून पोक आलंय तुम्हांला."

तोही निघाला. चौघं मिळून चढली. आल्यावर रहाट झरझर फिरला, माग खटखट चालला, लुगडी वेळेवर गेली.

दिवस गेले, वर्षं गेली. मैनेचं लग्न टेकडीपलीकडच्या गावात झालं. पहिलं बाळंतपण आलं. एके दुपारी तिकडून टेकडीवाटेनं माणूस आला. म्हणाला, "मैना अडलीय. आई आई करतेय." नदीला पूर, गाडीवाट पाण्याखाली, म्हणून तर तिला माहेरी आणता आलं नव्हतं. आळी म्हणू लागली, "सगुणाबाई, केस पिकले तुमचे. ह्या वयात टेकडी कुठं ओलांडता?" तिनं पदर खोचला नि निघाली. वर पोचली, चालजाईला हात जोडले, पण थांबली नाही. पलीकडची उतरण उतरली, ऊन कलताना लेकीच्या दारात उभी राहिली.

मैनेनं तिचा हात घट्ट धरला. सगुणा म्हणाली, "ऊठ बाळा, माझ्या खांद्यावर भार टाक. आपण दोघी चालू." खोलीतल्या खोलीत तिला चालवलं. कळ आली की थांबावं, कळ गेली की चालावं. दिवेलागणीला मैना सुटली, मुलगी झाली. नात पहिल्यांदा आजीच्याच हातांत आली. मायलेकी एकमेकींकडे बघून हसल्या.

चालजाई जशी सगुणेला पावली, तशी तुम्हांआम्हां सगळ्यांना पावो. लेकरानं हाक मारली की उठायचं बळ तुमच्या पायांत राहो. कहाणी लांबच्या वाटेची, बोल थोडके, इथं सुफळ झाली, संपूर्ण झाली.